चोवीस नंबरला कोणी बोलावलं नाही

आमचे जावई माझ्याकडे राहतात. मुलगी राहत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारीने उलटं सांगितलं, पण आहे ते असंच आहे. जून महिन्यात मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. मोजमापाची यंत्रं करतात अशा कुठल्याशा कारखान्यात. जाताना दोन बॅगा नेल्या आणि मला म्हणाली, "आई, आमचं दोघांचं आता संपलं. भांडण नाही, काही नाही. संपलं एवढंच." मी बरं म्हटलं. रडू यायला हवं होतं, आलं नाही. ओट्यावर भांडी पडली होती, ती घासली.

जावयांना कोणी जा म्हटलं नाही आणि त्यांनाही कुठे जावंसं वाटलं नसावं. सकाळी उठायचे, अंघोळ करायची, डबा घ्यायचा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत जायचं. तिथे ते उपकरणं दुरुस्त करतात. संध्याकाळी परत. जेवण कसं झालंय विचारलं तर "छान." एकदा मी मीठ विसरले, तरी "छान." शेजारच्या बाई विचारायच्या, "जावई अजून इथेच?" मी म्हणायचे, "हो, मुलगीच परक्या घरची निघाली." बाई हसायच्या. मीही हसायचे, कारण हसलं की माणसं पुढचं विचारत नाहीत.

तर सांगायची गोष्ट जावयांची.

कॉलेजात दरवर्षी रोबोंची स्पर्धा होते. बारा-चौदा वर्षांची मुलं चाकांच्या लहान लहान गाड्या करून आणतात. या गाड्या आपलं आपण चालतात, काळ्या रेघेवरून जातात, वस्तू उचलतात. एका संघात चौघं. सकाळी शर्यती होतात. त्यानंतर असतं 'अवघड काम'. ते काय आहे हे आधी कोणाला सांगत नाहीत. बंद लखोट्यात असतं. संघ आत गेला की लखोटा फोडायचा, काम वाचायचं, पंचवीस मिनिटांत आपल्या गाडीत हवे ते बदल करायचे आणि करून दाखवायचं. चाळीस गुण. खरी स्पर्धा तीच, कारण घरून आईवडिलांनी करून दिलेली गाडी तिथे उघडी पडते.

संघ विसावर, टेबलं सहाच, म्हणून फेऱ्या चार. आता पहिल्या फेरीतल्यांनी बाहेर येऊन चौथ्या फेरीतल्यांना सगळं सांगितलं तर तो लखोटा बंद ठेवून उपयोग काय? म्हणून झालेल्यांनी मागच्या दाराने जेवणघरात जायचं आणि चौथी फेरी संपेपर्यंत तिथेच बसायचं. कोणी कुठल्या फेरीला, कुठल्या टेबलावर, एकाच शाळेचे दोन संघ शेजारी येऊ नयेत, सकाळची शर्यत उशिरा संपली त्याला श्वास घ्यायला वेळ मिळावा, बॅटरी भरायला मिळावी, हे सगळं बसवायचं म्हणजे वेळापत्रक. आठ वर्षं ते आमच्या मुलीने केलं. तिला त्याचं वेड होतं. जेवताना ताटाशेजारी कागद असायचा. यंदा ती नव्हती, म्हणून समितीने जावयांना सांगितलं. ते हो म्हणाले. त्या दिवसांत त्यांना काहीही सांगितलं असतं तरी ते हो म्हणाले असते.

मलाही त्या स्पर्धेत काम असतं, हे सांगितलं नाही तर पुढचं कळायचं नाही. मी पुढच्या दारावर खुर्ची टाकून बसते आणि आत जाणाऱ्यांचे फोन टोपलीत जमा करते. हे काम मला मुलीनेच दिलं. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, आत काय चाललंय ते मला दिसलं तरी कळत नाही, त्यामुळे माझ्याकडून बाहेर फुटायची भीती नाही. आयुष्यात एकदा तरी न शिकल्यामुळे नेमणूक झाली.

मुलीचा तक्ता चोवीस ओळींचा होता. पण आठही वर्षं संघ आले तेवीस. कधी बावीसच. म्हणून शेवटची ओळ तिने राखाडी करून ठेवली होती. त्या ओळीत प्रत्येक फेरीसमोर एकच शब्द, 'थांबा'. म्हणजे तिथे कोणी नाही, पंचांनी वाट बघू नये, पुढे जावं. चौथ्या फेरीला सहाव्या टेबलावर कोणी नसायचं. आत काम करणाऱ्यांना याची इतकी सवय होती की पंच आपले चहाचे कप त्या टेबलावर ठेवायचे.

यंदा संघ आले चोवीस.

जावयांनी नावं भरली. एक ते चोवीस. तक्त्यातलं दुसरं काही हलवलं नाही. मी रात्रीचं जेवण वाढताना ते संगणकासमोर होते, मला दिसलं होतं. एकेक नाव टाकायचे आणि हात मांडीवर घ्यायचे, जणू काचेचं भांडं आहे. वेळापत्रक छापून आलं तेव्हा प्रत्येक संघाला त्याच्या ओळीचा कागद मिळाला. चोवीस नंबरलाही मिळाला. 'पहिली फेरी: थांबा. दुसरी फेरी: थांबा. तिसरी फेरी: थांबा. चौथी फेरी: थांबा.'

मुलं गुणी होती. ती थांबली.

माझ्या खुर्चीसमोरच्या बाकावर ती चौघं बसली होती, तीन मुली आणि एक मुलगा. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर गाडी. लांबून कुठून तरी आली होती, बरोबर शिक्षक नव्हते, त्यांतल्याच एकीची मोठी बहीण होती आणि ती बाहेर बसथांब्यावर परतीच्या बसची चौकशी करत होती. पहिली फेरी आत गेली, मी त्यांना पाहिलं. दुसरी गेली, पाहिलं. तिसऱ्या फेरीनंतर मी त्यांना बिस्किटं दिली. चष्मेवाली म्हणाली, "आजी, आमचा अजून नंबर नाही आला." मी विचारलं, "कागद आहे ना?" तिने दाखवला. "थांबा लिहिलंय," ती म्हणाली. मी म्हटलं, "मग थांबायचं." पुढे काही विचारलं नाही. कागदावर लिहिलेलं मी आयुष्यभर खरं धरत आले आहे, आणि तो तक्ता तर माझ्याच मुलीचा होता.

चौथी फेरी संपली. जेवणघराचं दार उघडलं आणि सगळी मुलं ओरडत व्हरांड्यात आली. "उतारावर ठोकळे! तीन वजनांचे!" "आमचा दुसरा पडला रे!" "पिवळ्या पट्टीला लागलं की दोन गुण कापतात!" अर्ध्या मिनिटात लखोट्यातलं सगळं बाकावरच्या चौघांच्या कानावर गेलं. चष्मेवालीने दोन्ही हात कानांवर ठेवले. बाकीच्यांनीही ठेवले. ते पाहिलं आणि मला कळलं की काहीतरी चुकलंय.

आत जावई गुण मोजत होते. मी जाऊन म्हटलं, "जावईबापू, बाहेर चौघं बसलेत."

"कोण?"

"चोवीस नंबर."

"चोवीस नंबर नसतो, आई," ते म्हणाले. मग हातातली गुणपत्रकं पुन्हा मोजली. तेवीस भरली. सहाव्या टेबलावर कप होते, त्यांकडे ते बराच वेळ बघत राहिले.

मी म्हटलं, "नसतो कसा? बिस्किटं खाल्ली त्यांनी."

मुख्य पंच बाई आल्या. वयाने माझ्याहून थोड्याच लहान, निवृत्त शिक्षिका, आवाज मात्र घंटेसारखा. त्यांनी कागद पाहिला आणि खुर्चीत बसल्या. "झालं ते झालं. त्यांना सरासरी गुण द्या. सगळ्यांच्या बेरजेला तेविसाने भागा, येईल तो आकडा त्यांचा. पाच वाजता बक्षीस आहे, सहाला हॉल सोडायचाय."

चष्मेवाली माझ्या मागून आत आली होती. कोणी तिला अडवलं नव्हतं, कारण अडवणारी मी होते. ती म्हणाली, "बाई, सरासरी म्हणजे दुसऱ्यांचे गुण ना?"

"तसंच काही नाही बाळा."

"आम्ही काहीच केलं नाही तर आम्हाला गुण कशाचे?"

पंच बाईंनी जावयांकडे पाहिलं. "वेळापत्रक तुमचं आहे. तुम्ही सांगा, मी सही करते."

जावई उभेच. चेहऱ्यावर काही नाही. जूनपासून त्यांचा चेहरा असाच आहे, घरातलं कॅलेंडर कोणी उलटलं नाही तर जसं दिसतं तसा. पण या वेळी बोलले. "तोच लखोटा त्यांना देता येणार नाही. त्यांनी ऐकलंय. दुसरा राखीव आहे कपाटात. पण फक्त त्यांनाच दुसरा दिला तर त्यांचे गुण बाकीच्यांशी लावायचे कसे? तो सोपा असला तर त्यांचा फायदा, अवघड असला तर तोटा."

"मग उघडून बघा सोपा आहे की अवघड."

"उघडला की तो बंद राहत नाही. इथे खिडक्यांना नुसती मुलं लटकली आहेत."

"मग कोणाला माहीत आहे त्यात काय आहे?"

मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. दोन्ही लखोटे मुलीने जायच्या आधी करून, डिंक लावून, सही करून कपाटात ठेवले होते. पाच महिने या दोघांत एक शब्द नाही.

"नंबर आहे माझ्याकडे," ते म्हणाले. आणि खिशात हात घालून तसेच उभे राहिले. बाहेर मुलांचा गोंधळ. घड्याळात पावणेतीन.

मी माझा फोन काढला, लावला. माझा फोन जुना आहे, त्यातलं बोलणं शेजारच्याला ऐकू येतं, मला येत नाही.

"आई? आज शनिवार. काय झालं?" ती दर रविवारी बोलते, म्हणून घाबरली.

"मला काही झालं नाही. जावयांशी बोल." आणि त्यांच्या हातात दिला.

मग तिचा आवाज आला, "बोल."

"चोवीस संघ आले."

"बरं."

"चोवीस नंबरला बोलावलंच गेलं नाही."

"शेवटची ओळ राखाडीच ठेवलीस?"

"हो."

"का?"

"तुझा तक्ता होता."

मग ती म्हणाली, "तक्ता होता तो. माझा फोटो नव्हता."

पंच बाई खोकल्या आणि खिडकी नीट लागली आहे का ते बघायला गेल्या. जावयांच्या तोंडावरची रेषा हलली नाही. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या लखोट्यातलं काम पहिल्याइतकंच अवघड आहे?"

"तितकंच. एकाच दिवशी केले दोन्ही. पण वेळ कमी लागतो, त्यात मोजमाप नाही. पंधरा मिनिटं पुरतील."

"म्हणजे सगळ्यांनाच दुसरा द्यायचा."

"मला विचारतोस की सांगतोस?"

"सांगतो."

"मग क्रम हलवू नकोस. पहिल्या फेरीतल्यांच्या बॅटऱ्या केव्हाच भरून झाल्या असतील. चौथीतल्यांच्या आत्ता रिकाम्या आहेत, त्यांना तासभर मिळायला हवा. चोवीसला शेवटच्या फेरीत घे, सहावं टेबल."

"चोवीसची बॅटरी भरलेलीच आहे. शर्यतीनंतर भरली ती, पुढे त्यांनी गाडी चालवलीच नाही. शेवटी घेतलं, तोवर बाकीच्यांच्या भरल्या, तरच सगळे सारखे होतात."

"हं. बरोबर."

"चार्जिंगच्या जागा आठच आहेत. सतरा संघांना पुरायच्या नाहीत."

"ते माझ्या तक्त्यात नाही. ते तू बघ. आईला दे."

मला दिला. "जेवलीस?" मी म्हटलं, "बिस्किटं खाल्ली." ती म्हणाली, "ठेवते." ठेवला.

जावयांनी एक गुणपत्रक पालथं घातलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारायला लागले. कोणाची बॅटरी किती वाजता कुठल्या जागेवर लागेल, किती वाजता निघेल. पट्टी नव्हती, म्हणून माझ्या टोपलीतला एक फोन घेऊन त्याच्या कडेने रेघा मारल्या. दहा मिनिटांत झालं. वाकडंतिकडं होतं, पण मला वाचता आलं. पंच बाईंनी सही केली.

मग ते माइकवर गेले. हवामान सांगावं तशा आवाजात म्हणाले, "अवघड कामाचे सगळे गुण रद्द केले आहेत. एका संघाला बोलावलं गेलं नाही. चूक वेळापत्रकाची, म्हणजे माझी आहे. तीन वाजून वीस मिनिटांनी नव्या लखोट्यावर पुन्हा चार फेऱ्या होतील."

जो काही गलका झाला तो मी सांगत नाही. सात नंबरच्या संघाला आधी चाळीसपैकी चाळीस मिळाले होते. त्यांचे सर, उंच, टोपीवाले, तीन ढांगांत आले.

"आमच्या पोरांनी पैकीच्या पैकी मिळवले. ते काय हवेत गेले?"

"हो," जावई म्हणाले.

"हो काय हो? चूक कोणाची?"

"माझी."

"मग शिक्षा आम्हाला का?"

"तुमच्या मुलांना दुसऱ्यांदा करायला मिळतंय. त्यांना एकदाही मिळालं नाही."

"मी समितीला लिहिणार!"

"लिहा. पेन हवंय?"

खरंच विचारत होते ते, टोमणा नव्हता. पण टोपीवाले सर लाल झाले आणि मला पहिल्यांदाच त्या माणसाची जरा कीव आली. दगडावर डोकं आपटलं तर दगडाला काय लागतं?

मी जाऊन चोवीस नंबरला नवा कागद दिला आणि सांगितलं की तुमचा नंबर चौथ्या फेरीत. मुलगा म्हणाला, "अजून थांबायचं?" चष्मेवालीने त्याला कोपर मारलं. "आता वेळ लिहिलीय, गाढवा. चार वाजून वीस." कागदावर जावयांच्या हातचे आकडे होते. ते तिने दोनदा वाचले.

चार वाजून वीस मिनिटांनी, पंचांनी सवयीने सहाव्या टेबलावर पुन्हा ठेवलेले कप उचलले. टेबलावर गोल डाग राहिले होते, ते जावयांनी रुमालाने पुसले. मग ती चौघं आत गेली.

एरवी मी आत बघत नाही. त्या दिवशी दार किलकिलं ठेवलं. काम असं होतं की एक उभा उंच डबा गाडीने ढकलत वळणावरून पलीकडे न्यायचा, पडू द्यायचा नाही. चौघांनी गाडीला पुढे दोन पट्ट्या बांधल्या, बैलाच्या शिंगांसारख्या. पहिल्या खेपेला डबा वळणाच्या आधीच पडला. दुसऱ्या खेपेला वळला, अर्ध्या वाटेपर्यंत गेला, हलला, उभा राहिला, आणि तेवढ्यात शिट्टी झाली. डबा तिथेच उभा. चष्मेवाली त्याच्याकडे बघत होती. बाकीच्या पाच टेबलांवरही काही फार बरं चाललं नव्हतं. एकीकडे तर डब्याऐवजी गाडीच पडली.

अठरा गुण मिळाले. सगळं मिळून सोळावा नंबर. सात नंबरवाले सव्वीस गुणांवर आले आणि पहिल्याचे तिसरे झाले. बक्षिसाच्या वेळी त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

गुणपत्रकावर संघाने सही करायची असते. चौघांनी केली. चष्मेवालीने जावयांना विचारलं, "सर, अठरा कमी आहेत ना?"

"कमी आहेत," जावई म्हणाले.

"पण आमचे आहेत."

"तुमचे आहेत."

तिने गाडी टॉवेलात गुंडाळली. बाहेर मोठी बहीण बस सुटेल म्हणून ओरडत होती. चौघं पळाली.

टोपीवाल्या सरांनी बोलल्याप्रमाणे लिहिलं. नऊ दिवसांनी समितीचं पत्र आलं. भाषा गोड होती. पुढच्या वर्षीपासून वेळापत्रक दुसऱ्या कोणाकडे देत आहोत, तरी जुना तक्ता आणि संबंधित कागद सोपवावेत. मी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि म्हटलं, "मुलांना न्याय दिलात त्याचं हे."

"न्याय नाही, आई. आधी चुकलं ते नंतर केलं. तेवीस संघांना दोनदा राबवलं. सात नंबरचं म्हणणंही खोटं नव्हतं."

"मग सरासरी का नाही दिली?"

त्यांनी थोडा विचार केला. "द्यायचीच होती. सोपं होतं ते. मलाही कोणी काही विचारायला नको होतं."

मुलीचा तक्ता त्यांनी समितीला देऊन टाकला, छापील आणि संगणकातला, दोन्ही. स्वतःकडे प्रत ठेवली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्यांना लागेल." रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा तिने चोवीसला किती मिळाले ते विचारलं. मी सांगितलं. "अठरा? वाईट नाही," ती म्हणाली. समितीच्या पत्राचंही सांगितलं. जावयांना दे असं ती म्हणाली नाही, आणि ते शेजारच्याच खोलीत इस्त्री करत होते. इस्त्रीचा आवाज मात्र थांबला होता.

त्याच आठवड्यात, जेवताना, ते म्हणाले, "आई, कॉलेजजवळ एक खोली बघून आलो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते.

"कशी आहे?"

"एक खिडकी आहे. नळाला पाणी सकाळीच येतं."

"पंखा?"

"आहे. आवाज करतो."

"तुम्हाला दुरुस्त करता येतो."

"हो."

त्यांना थांबवावं असं मनात आलं का, हे मी स्वतःला नंतर विचारलं. आलं असावं. पण ते उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसल्यासारखं होतं, माझ्यापर्यंत पोचलं नाही. मी भाताचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

"कधीपासून?"

"पहिल्या तारखेपासून."

"मग गादीला उद्या ऊन द्यायला हवं," मी म्हटलं. "कापूस फार दबलाय."

त्यांनी भात वाढून घेतला. एक घास खाल्ला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे, आई."

मी मिठाची वाटी आणायला उठले.